एका अर्लची डुकरीण आणि आमचे गंभीर टीकाकार

वुडहाउस वाचून हसणारा मराठी वाचक हा गुलामी मनोवृत्तीचा अवशेष होय, असा एक सिद्धान्त आमच्या टीकाकारांत पुनःपुन्हा डोके वर काढतो. १९४७ साल उलटून पाऊण शतक लोटले, तरी यास इंग्रज उमरावाच्या गढीत कसले सुख सापडते, असा त्यांचा सवाल. सवाल करणारांनी ती गढी आतून पाहिली आहे काय, एवढेच आम्हांस प्रथम विचारावेसे वाटते.

१९२९ साली प्रसिद्ध झालेली 'समर लाइटनिंग' घ्या. श्रॉपशर परगण्यातील ब्लँडिंग्ज कॅसलचा धनी लॉर्ड एम्सवर्थ, नववा अर्ल. याच्या चित्तात ना साम्राज्य, ना पार्लमेंट. आहे ती 'एम्प्रेस' नावाची एक अगडबंब डुकरीण. कृषिप्रदर्शनात तिने मिळविलेले रौप्यपदक पुन्हा मिळावे आणि शेजारच्या सर ग्रेगरीने तिला अपाय करू नये, हीच त्याची अहोरात्र विवंचना. बहीण त्याला धाकात ठेवते, भाचा मामाची मर्जी संपादण्यासाठी ती डुकरीणच पळवितो, आणि भाऊ गॅलहॅड आपल्या आठवणी लिहावयास बसताच साऱ्या प्रतिष्ठित घराण्यांची झोप उडते. कारण त्यांच्या तारुण्यातील प्रताप त्याच्या पक्के ध्यानात आहेत. ज्या वर्गातून आमच्या मुंबईस गव्हर्नर येत, त्याचे हे अंतरंग वाचून नतमस्तक कोण होईल?

आमच्या नगर जिल्ह्यातील वाचकास तर हे परकेही वाटू नये. पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल कोणाचा, तोरणाखालून आधी कोणी जावयाचे, यावरून पेटलेली भाऊबंदकी ज्याने पाहिली आहे, त्याला पदकापायी झुरणारा अर्ल समजावून सांगावा लागत नाही. (डुकराचे नाव निघताच नाक मुरडणारांनी तिच्या जागी खिलार बैल कल्पावा.)

ब्लँडिंग्जच्या जमिनीत राबतो कोण, खंड भरतो कोण, हे या कादंबरीत दिसत नाही, हा आक्षेप मात्र पोकळ नव्हे. तो आम्ही मान्य करतो. परंतु जे पुस्तक धन्याचा दरारा काढून घेते, त्यास धन्याचे भाट म्हणणे हा न्याय नव्हे.

लाज वाटावयाची तर दुसऱ्याच गोष्टीची वाटावी. श्रीगोंद्यास, जामगावास शिंद्यांचे वाडे आहेत. गावोगाव इनामदारांच्या गढ्या ढासळत गेल्या. त्यांच्या उतरत्या काळात आत सगळे शहाणेसुर्तेच नांदले काय? आमचे कादंबरीकार फेटा बांधून आत शिरले आणि मुजरा करून बाहेर आले. चिं. वि. जोशांनी हसविले ते चिमणराव या कारकुनाकडून. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त नगर-राहुरीच्या संसारातील नवऱ्याचा लहरीपणा असा रंगविला, की हसतानाही त्याच्यावरची माया ढळू नये. हे एका बाईला घरातल्या घरात साधले. सरदार-इनामदारांच्या बाबतीत मात्र आमच्या लेखण्या अजून चाचरतात.

परक्या उमरावावरचे आमचे हसू ज्यांना खुपते, त्यांनी एखाद्या इनामदाराच्या चौसोपी वाड्यातील हकीकत तितक्याच निर्भयपणे लिहून द्यावी. आम्ही वुडहाउस बाजूस सारून ती आधी वाचू. तोवर एम्प्रेसचे खाणेपिणे नीट चालले आहे की नाही, ही चिंता आम्हांस खुशाल करू द्यावी.