दुसऱ्या प्रयोगाची तारीख कोण देणार?

नाटकाचा पहिला प्रयोग कसाही होतो. वर्गणी काढून, उधारीवर लाईट आणून, नातेवाईकांना खुर्च्यांवर बसवून होतोच. आंबेडकरी नाटककाराची खरी कोंडी त्यानंतर सुरू होते. वस्तीतली एखादी पोरगी दोन वर्षे खपून एकांकिका लिहिते, स्पर्धेत उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळवते आणि वही परत ट्रंकेत जाते. दुसऱ्या प्रयोगाला कोणी विचारत नाही.

छोटे रंगमंच स्वतःला प्रायोगिक म्हणवतात, पण अनेक ठिकाणी तारीख आगाऊ भाडे भरणाऱ्यालाच मिळते. म्हणजे सगळी जोखीम नवख्याच्या खिशातून! आमचे म्हणणे सरळ आहे. भाडे आगाऊ घेऊ नका, गल्ल्यातून वाटा घ्या. एका संहितेला किमान चार प्रयोग द्या. प्रेक्षक कुठे गप्प होतो, कुठे चुळबुळतो हे पाहूनच लेखक शिकतो, आणि ते एका रात्रीत कळत नाही. आणखी एक. संहिता निवडताना आडनाव झाकून वाचा. पहिले पान उलटण्याआधी 'प्रचारकी' असा शेरा मारणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत.

इमारतीची सबब चालणार नाही. 1974 पासून 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटके केली. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ला तर दोनच पात्रे लागतात.

पण दुसऱ्यांच्याच दाराशी किती दिवस उभे राहायचे? आमची समाजमंदिरे, आंबेडकर भवने, विहारांचे हॉल हेही छोटे रंगमंचच आहेत. वर्षातून किती दिवस उघडतात ते? विहारात नाटक कशाला, असे म्हणणाऱ्या बुजुर्गांना आम्ही आदराने सांगतो की म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' 1955 साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात झाले, तेव्हा बाबासाहेब स्वतः प्रेक्षकांत होते. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी त्याच नाटकाचा पुन्हा प्रयोग झाला. चळवळीनेच त्या नाटकाला दुसरी तारीख दिली होती.

जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर आपण जे उधळतो, त्यात दोन पात्रांच्या नाटकाचे चार प्रयोग सहज निघतील. (डीजेवाल्यांनी रागावू नये, मिरवणूक आम्हालाही प्रिय आहे.) तेव्हा मित्रांनो, विहार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडाच. महिन्यातला एक शनिवार हॉल नाटकाला, पहिल्या शनिवारी नुसते संहितावाचन, आणि लेखकाच्या हातात प्रवासखर्चाचे पाकीट.