वराहपालन आणि प्रतिजैविकांचा संयम

इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर रुग्णाला कोलिस्टिन हे प्रतिजैविक देतात. त्याला न जुमानणारे जंतू चीनमध्ये डुकरांत व माणसांत आढळल्याचे २०१५ साली उघड झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना ते देण्यावर बंदी घातली.

परंतु बंदी ही केवळ सुरुवात होय. डेन्मार्कने २००० पर्यंत डुकरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे थांबविले. प्रारंभी दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली, तरी वराहपालन टिकून राहिले. स्वच्छ गोठा, उशिरा दूध तोडणे व लसीकरण हेच खरे उपाय. चारठाण्यासारख्या गावातील पशुपालकाला दुकानदाराऐवजी पशुवैद्यकाचा सल्ला वेळेवर मिळावयास हवा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचले, तरच आजारी माणसासाठी हे औषध शिल्लक राहील.