उसाचे पाते आणि डोळ्यातले फूल

मोतीबिंदूच्या शिबिराला मंत्री येतात. तेथे पट्टी सुटते, छायाचित्र निघते, आकडा जाहीर करता येतो. उसाच्या फडात पात्याने ओरखडलेल्या बुबुळाला असे भाग्य नाही.

ओरखडा मुळात किरकोळ. दोन-तीन दिवसांत तो भरूनही येतो. परंतु पाचटावरची बुरशी किंवा अन्य जंतू त्या वाटेने शिरले की बुबुळावर व्रण पडतो, डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही आणि अखेर तेथे पांढरे फूल उरते. कधी बुबुळ फुटून डोळाच जातो. मोतीबिंदू काढता येतो. फूल पडलेल्या माणसाने कोणाच्या नेत्रदानाची वाट पाहायची. १९७६ पासून चालू असलेल्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर राहिला. मात्र २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळावरील फूल हेच आढळले. म्हणजे ज्यांच्या हातात कोयता आहे, त्यांचेच डोळे जात आहेत.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. नेपाळातील भक्तपूर येथे १९९० च्या दशकात गावच्या आरोग्यसेवकांनी ओरखडा होताच क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम घातले. अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. चोवीस तासांनंतर आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. सारा प्रश्न तासांचा आहे, आणि ऊसतोड मजुराचे तास त्याच्या मालकीचे नसतात.

उचल घेऊन आलेल्या जोडप्यातील एकाने दवाखान्यात दिवस घालवला तर मुकादम खाडा लावतो. त्यामुळे बाई डोळ्याला पदर लावून मोळ्या वाहत राहते. फार तर दुकानातून चिठ्ठीविना थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असले तर लाली घटल्याचा भास होतो आणि बुरशी फोफावते. पुढे मोठ्या रुग्णालयात नाटामायसिनचे थेंब दर तासाला घालण्यास सांगतात. कोपीत राहणाऱ्या, पहाटे फडावर जाणाऱ्या बाईने ते कसे घालावेत, हे सांगणारा कोणी नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेला कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानत असे. पण मजूर कोणाचा, हे विचारताच कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. साखर मात्र कोणाची, याबद्दल अद्याप वाद झालेला ऐकिवात नाही.

गाळप परवाना देताना सरकारने कारखान्यावर तीन अटी घालाव्यात: प्रत्येक टोळीमागे मलम लावण्यास शिकवलेली एक मजूर स्त्री, डोळ्याच्या इजेच्या दिवशी खाडा नाही, आणि व्रण झालेल्यास बरे होईपर्यंत कारखान्याच्या खर्चाने रुग्णालयात निवास व मजुरी. पुढील हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी साखर आयुक्तालयाने हा निर्णय करावा.