पाळणाघरांची नोंदणी, सेविकांचे प्रमाण व पालकांच्या माहितीच्या हक्काबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : खासगी पाळणाघरांना नोंदणी सक्तीची करून एका सेविकेकडील मुलांची कमाल संख्या ठरवून देण्याबाबत.

महोदय / महोदया,

सहा वर्षांखालील सर्व बालकांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ४५ सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मात्र सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्यामुळे ज्या वयात दिवसभरात आपल्याशी कोण कसे वागले हे मूल घरी येऊन सांगू शकत नाही, नेमके तेच वय त्या कायद्याबाहेर राहते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली. परंतु दुकानांत, छोट्या दवाखान्यांत, घरकामात राबणाऱ्या आयांना या तरतुदीचा उपयोग नाही. मूल वरचे अन्न खाऊ लागते न लागते तोच त्यांना ते गल्लीतल्या, दोन खोल्यांच्या घरगुती पाळणाघरात ठेवून कामावर जावे लागते.

अशा वेळी पालक निवड करतात ती अंतर, फी आणि शेजारणीचा शब्द यांवर, कारण पडताळून पाहता येईल असे दुसरे काही त्यांच्यासमोर नसते. वास्तविक पाळणाघराची पारख एका प्रश्नाने होते : एका बाईकडे किती मुले आहेत? केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका व जोडीला मदतनीस असावी. निवेदनकर्त्यांच्या मते हे प्रमाणही तान्ह्या मुलांसाठी अपुरे आहे. एका बाळाला मऊ वरणभात भरवायला वीस मिनिटे धरली, तर दहाव्या बाळाची पाळी तीन तासांनी येते. मग एकाच वाटीतून सगळ्यांना भराभर भरवणे, रडणाऱ्याला दटावणे, प्रसंगी सर्दीचे औषध पाजून झोपवणे, हे प्रकार दुष्टपणाशिवायही घडू शकतात. म्हणून दीड वर्षाखालील चार मुलांमागे एक सेविका ही मर्यादा राज्याने नियमाने ठरवावी, ही या निवेदनातील मुख्य मागणी आहे.

खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण नोव्हेंबर २०१६ मध्ये सीसीटीव्हीमुळे उघड झाली, आणि तेव्हापासून कॅमेरा म्हणजेच सुरक्षितता असा समज रूढ झाला. कॅमेरे असावेतच, पण कॅमेरा झालेला मार दाखवतो, तो होऊ नये यासाठी न थकलेले, पुरेसे हात लागतात.

प्रत्येक पाळणाघराची नोंदणी प्रभाग किंवा ग्रामपंचायत पातळीवर व्हावी आणि मंजूर मुले, हजर सेविका व शेवटच्या तपासणीची तारीख दाखवणारा मराठी फलक दारावर असावा. पूर्वसूचना न देता कोणत्याही वेळी आत येण्याचा पालकांचा हक्क नियमात लिहावा. ज्या पाळणाघराला तो मान्य नाही, त्याची नोंदणी होऊ नये. सेविकांची पोलीस पडताळणी, पालकांच्या लेखी संमतीशिवाय औषध न देणे, न्हाणीघरात भरलेली बादली न ठेवणे आणि गॅसची शेगडी मुलांच्या खोलीपासून वेगळी असणे, या बाबी तपासणीत पाहिल्या जाव्यात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, त्या राज्यात बाळ सांभाळणाऱ्या बाईला अकुशल मजूर समजले जावे, हे शोभणारे नाही. सेविकांना प्रशिक्षण व किमान वेतन मिळाले नाही, तर त्या दर काही महिन्यांनी बदलत राहतात आणि मुलाला ओळखीचे माणूस तुटण्याचा त्रास पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. तसेच मिशन शक्तीअंतर्गत पाळणा योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघरे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ व बांधकामांच्या ठिकाणी, आईच्या कामाच्या पूर्ण वेळेत चालू ठेवावीत.

वरील मागण्यांवर नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून पालक व सेविका या दोघांच्याही हरकती मागवाव्यात आणि तपासणीसाठी लागणाऱ्या पदांची तरतूद आगामी अर्थसंकल्पात करावी, ही नम्र विनंती.

निवेदनकर्ते,
लहान मुलांचे पालक व पाळणाघर सेविका