सुई कोणाच्या हाती?

अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान ही रांजणगावची जुनी ओळख. औद्योगिक वसाहतीचे गाव ही ओळख मात्र गेल्या तीन दशकांतली. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या या वसाहतीत शीतकपाटांपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तू तयार होतात. त्या तयार करणारे हात शिरूर आणि दौंड तालुक्यांतील खेड्यांतून येतात, तसे मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतूनही येतात. पाळी बदलते, पण कामाची तऱ्हा बदलत नाही. तासन् तास उभे राहायचे, तीच हालचाल शेकडो वेळा करायची, वाकून उचलायचे आणि वळून ठेवायचे. वसाहतीबाहेर भीमा आणि घोड यांच्या काठच्या उसाच्या फडातही कंबरेला विश्रांती नाही. अशा मुलखात कंबर, मान आणि गुडघा यांची दुखणी हा घरोघरचा विषय असावा, यात नवल नाही.

या दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातली वेदनाशामक गोळी. ती महिनोन् महिने घेतली की जठर आणि मूत्रपिंड कुरकुरू लागतात. मग मालीश, मग हाडवैद्य, क्वचित कोठे अजूनही डाग देणे. या मालिकेत आता ॲक्युपंक्चरची भर पडली आहे. पुणे आणि परिसरात या चिनी सुईउपचाराचे फलक आज कोणाला अपरिचित वाटत नाहीत. पाळी चुकवून आणि रोज बुडवून रुग्ण तेथे जातो, तेव्हा त्याच्या मनात दोन साधे प्रश्न असतात. याने बरे वाटेल काय? आणि यात धोका तर नाही ना? या प्रश्नांची सरळ उत्तरे त्याला सहसा मिळत नाहीत. भक्त म्हणतात की सुई सर्व रोगांवर चालते. विरोधक म्हणतात की सारे थोतांड आहे. दोघांचाही आवाज मोठा आहे, आणि सत्य या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे.

चीनचे वैद्यक म्हटले की महाराष्ट्राला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात डॉ. अटल, डॉ. मुखर्जी आणि डॉ. बसू यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात चीनमध्येच निवर्तले. त्यांच्या नावाने या देशात सुईउपचाराचे रुग्णालयही उभे आहे, त्यामुळे ही विद्या त्यांनीच आणली असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. कोटणीस हे आधुनिक शल्यविशारद होते. त्यांच्या हातातली सुई जखमा शिवण्याची होती. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धती शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर करू लागले. आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसाने ही सुई प्रथम या देशात आणली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चीनमध्येही या विद्येचा मान सदैव सारखा नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथांत तिचे विवेचन आढळते. पण १८२२ साली तेथील सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून तिला हद्दपार केले होते. डॉक्टरांचा तुटवडा आणि राष्ट्राभिमान या दोन्ही कारणांनी माओच्या राजवटीने तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. १९७१ साली अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ही सुई पाश्चात्त्य जगात गाजू लागली. सुया टोचून बधिर करून त्यांचे पोट उघडले, अशी वदंता त्यानंतर पसरली. वास्तविक शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना भुलीचे नेहमीचे इंजेक्शनच दिले होते. सुया टोचल्या त्या नंतरच्या पोटदुखीसाठी. सुईची कीर्ती अशी आरंभापासूनच तिच्या कर्तृत्वापेक्षा दोन पावले पुढे धावत आली आहे.

मग तिचे कर्तृत्व किती? जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर टोचल्या. तिसऱ्याला औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील अवघ्या २७.४ टक्के रुग्णांना ठरविलेल्या निकषानुसार गुण आला होता. या तीन आकड्यांत या वादाचे सारे मर्म आले आहे. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुईने अधिक रुग्णांना आराम पडला, हे भक्तांचे म्हणणे त्यांतून खरे ठरते. सुई नेमकी कोठे टोचली याला फारसे महत्त्व नाही, हे विरोधकांचे म्हणणेही खरे ठरते. पुढे अनेक चाचण्यांतील सुमारे वीस हजार रुग्णांची माहिती एकत्र करून अभ्यास झाला. खऱ्या आणि लटक्या सुईत फरक आहे, पण तो लहान आहे, असे त्यातून दिसले.

शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक वाहिन्यांतून वाहते आणि ती अडली की रोग होतो, असे चिनी परंपरा मानते. शरीररचनाशास्त्राला या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. टोचल्यामुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि मेंदूतून वेदना शमविणारी द्रव्ये स्रवतात, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. कोणी तरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देते, अंगाला हात लावते, काय होते ते विचारते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला हे भाग्य लाभत नाही. सुईच्या यशातील काही वाटा या आस्थेचा असेल, तर त्यात सुईच्या बदनामीपेक्षा आपल्या आरोग्यव्यवस्थेवरील टीकाच अधिक आहे.

याच कारणाने शहाणे देश या बाबतीत सावध पावले टाकताना दिसतात. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी सुईची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती मागे घेतली. २०२१ साली मात्र स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी तिचा मर्यादित वापर करण्यास तिने अनुकूलता दर्शविली. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा बैठकांचा खर्च मान्य केला. गुण दिसला तर आणखी आठ बैठका, वर्षाला वीसहून अधिक नाहीत, आणि गुण नसेल तर उपचार थांबवायचे, अशा अटीही तिने घातल्या. यातली शेवटची अट रांजणगावच्या कामगाराने गाठीला बांधून ठेवावी अशी आहे.

उपचाराला जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या भेटीत दुखण्याची, झोपेची, पचनाची, चालू औषधांची सविस्तर चौकशी व्हावयास हवी. परंपरेने शिकलेले उपचारक जीभ आणि नाडीही पाहतात. सुया केसासारख्या बारीक असतात. इंजेक्शनच्या सुईशी त्यांची तुलना नको. दुखण्यानुसार पाच-सातपासून पंधरा-वीसपर्यंत सुया लावतात आणि वीस ते तीस मिनिटे ठेवतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. काही ठिकाणी सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडतात, तर काही ठिकाणी दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वात पेटवून तिचा शेक देतात. आठवड्यातून एक-दोनदा याप्रमाणे सहा ते बारा बैठका हा सर्वसाधारण क्रम आहे. पाच-सहा बैठकांनंतरही काहीच फरक नसेल, तर पुढे पैसे आणि रोज घालविण्यात अर्थ नाही. अर्धशिशी, ताणाने होणारी डोकेदुखी, मानेचे, कंबरेचे आणि गुडघ्याचे जुनाट दुखणे, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ एवढ्या क्षेत्रात सुईच्या बाजूने बरा पुरावा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, क्षय हे रोग ती बरे करते, याला आधार नाही. औषधाने असे रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा या देशात १९५४ सालीच झाला. सुईच्या जाहिरातीलाही तोच दंडक लावला पाहिजे.

प्रशिक्षित हातात ही पद्धती पुष्कळशी निर्धोक आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चौतीस हजारांवर बैठकांत एकही गंभीर इजा नोंदली गेली नाही. किंचित रक्त येणे, काळेनिळे पडणे, उपाशीपोटी गेल्यास घेरी येणे, एवढेच त्रास सामान्यतः होतात. पण अडाणी हातात हीच सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर यकृताची संसर्गजन्य कावीळ पसरवू शकते. तेव्हा आपल्यासमोर नवे पाकीट फोडून सुई काढावी, एवढा आग्रह प्रत्येक रुग्णाने धरला पाहिजे. गर्भवतींनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि हृदयाला पेसमेकर बसविलेल्यांनी तसे आधीच सांगितले पाहिजे.

खरा धोका सुईच्या टोकात नाही, तो वेळ दवडण्यात आहे. कंबर दुखत असताना पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप राहू लागला किंवा वजन घटू लागले, तर ते दुखणे साधे नव्हे. मणक्याचा क्षय, गाठ किंवा दबलेली मज्जा यांची ती खूण असू शकते. अशा रुग्णाला सुया टोचत महिनाभर ठेवणे म्हणजे त्याला कायमचे अपंग करणे होय. आपल्याला काय बरे करता येते यापेक्षा काय बरे करता येत नाही, हे ज्याला कळते तोच खरा उपचारक.

येथे कायद्याचा संबंध येतो. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारने २००३ मध्ये ही उपचाराची एक रीत म्हणून मान्य केली आणि २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम केला. त्यातून राज्याची ॲक्युपंक्चर परिषद उभी राहिली आणि उपचारकांची नोंदणी व शिक्षण यांना चौकट मिळाली. हे पाऊल स्वागतार्ह होते. सोनारानेच कान टोचावेत, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. सोनार कोण, हे आता निदान कागदावर ठरले आहे.

परंतु मान्यता ही दुधारी गोष्ट आहे. सरकारी शिक्का उपचारकाची प्रतिष्ठा वाढवितो. रुग्णाचे रक्षण मात्र त्या शिक्क्याने आपोआप होत नाही. शिरूर-दौंडच्या रुग्णाला नोंदणीकृत कोण आणि चार दिवसांचा वर्ग करून आलेला कोण, हे ओळखण्याचा सोपा मार्ग हवा. नोंदणी क्रमांक दर्शनी फलकावर असावा, कोणती लक्षणे दिसताच रुग्णाला रुग्णालयात धाडायचे याचे बंधन असावे आणि तक्रार कोठे करायची हे मराठीत लिहिलेले असावे. परिषदेच्या कामाची कसोटी किती जणांना प्रमाणपत्रे दिली ही नव्हे. किती जणांना चुकीच्या वेळी सुई उचलण्यापासून रोखले ही आहे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नजरेआड होऊ नये. कामगाराला इजा होईल इतके ओझे त्याला उचलायला लावू नये, असे कलम १९४८ च्या कारखाने कायद्यातच घातले गेले होते. कंबर मोडते ती यंत्राच्या उंचीने, पाळीच्या लांबीने आणि विश्रांतीच्या अभावाने. ती कारणे तशीच ठेवून कामगाराने दर आठवड्याला सुया टोचून घ्यायच्या आणि पुन्हा त्याच जागी उभे राहायचे, हा उपचार नव्हे, डागडुजी होय. सुई वेदना कमी करील. वेदनेचे कारण दूर करण्याचे काम तिचे नाही. ते कारखान्याचे, कामगार संघटनेचे आणि शासनाचे आहे. सुईकडून तिच्या आवाक्यातले मागावे आणि या तिघांकडून त्यांच्या कर्तव्यातले. यापैकी दुसरी मागणी बाजूला पडली, तर उद्या रांजणगावात उपचारकांचे फलक वाढतील, पण दुखऱ्या कंबरांची संख्या कमी होणार नाही.