टाके निघाले म्हणजे दुखणं गेलं नव्हे



या सदरात एरवी खत, बियाणं, फवारणी यांच्या गोष्टी होतात. आज घरच्या दुखण्याविषयी बोलायचं आहे.

माझे थोरले बंधू अण्णा गंजीवरून कडबा काढताना घसरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, दोन दिवसांत उतरलं. महिन्याभरानं डोकं ठणकू लागलं, चालताना तोल जाऊ लागला. तपासणीत मेंदूवर रक्त साचलेलं निघालं. उतारवयात साध्या मारानंही असं हळूहळू रक्त साचतं. कवटीला छिद्रं पाडून डॉक्टरांनी ते काढलं आणि अण्णा घरी आले.

टाके निघाले, तसं सगळ्यांना वाटलं, सुटलो! अण्णांनी झटक्याच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. "बरं वाटतंय, मग खर्च कशाला?" म्हणाले. मी शिकलासवरलेला माणूस, पण थोरल्या भावापुढं गप्प बसलो. चौथ्या दिवशी मोटार सुरू करायला ते विहिरीवर गेले आणि तिथंच झटका आला. वहिनी पाठोपाठ होत्या म्हणून अण्णा आज आहेत.

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात ठेवा. झटक्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती पुन्हा कधी घ्यायची तेही त्यांनाच विचारा. त्यांची परवानगी मिळेपर्यंत विहीर, झाड, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कडबाकुट्टी यांपासून माणूस लांब ठेवा. ओझं उचलू देऊ नका. दारू वर्ज्य. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नका.

झटका आलाच तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी घातलेलं कापड ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. थांबला तरी डॉक्टरांना कळवा.

रक्त पुन्हाही साचू शकतं. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, ताप आला किंवा जखमेतून पाणी, पू आला, तर सकाळची वाट पाहू नका.

माणूस थकेल, चिडेल, विसरेल. त्याला आळशी म्हणू नका. थोडं चालवा, दुपारी निजू द्या, पाहुण्यांची गर्दी आवरा.

आंब्याचं कलम जुळलं म्हणून त्याच वर्षी कुणी त्याला झोका बांधत नाही. आपण झाडाला जेवढी सवड देतो, तेवढी माणसालाही देऊ या.

अण्णा आता ओट्यावर बसून शेंगा फोडतात. गोळीची वेळ नातू सांभाळतो, आणि मी आता गप्प बसत नाही.