विश्लेषण : समुद्रकाठचं पुस्तकाचं दुकान कोण वाचवतं? प्रेम की पोलीस?

समुद्रकाठचं लहान गाव, तिथलं जुनं पुस्तकाचं दुकान, तिरसट मालक आणि बाहेरगावाहून आलेली तरुणी. एवढं सांगितलं की पुढची गोष्ट वाचकाला आपोआप कळते. इंग्रजीत अशा हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या इतक्या निघतात की मुखपृष्ठंही जुळी भावंडं वाटावीत. निळं पाणी, रंगीत दार, खिडकीत मांजर. समीक्षक त्यांच्याकडे फिरकत नाहीत, वाचक मात्र लोकलमध्ये, प्रवासात, आजारपणात त्याच उघडतात. या गर्दीतली एक कादंबरी थांबून पाहावी अशी आहे, कारण ती प्रेमाइतकंच दुकानाच्या गल्ल्याबद्दलही बोलते.

कादंबरी कोणती?

गॅब्रिएल झेविन या अमेरिकी लेखिकेची ‘द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री’ ही कादंबरी 2014 मध्ये आली. मॅसॅच्युसेट्सजवळच्या ॲलिस नावाच्या काल्पनिक बेटावर ‘आयलंड बुक्स’ हे एकमेव पुस्तकाचं दुकान आहे. मालक ए. जे. अर्धा भारतीय, नाव अजय. बायको अपघातात गेलेली, विक्री घसरलेली, रात्री दारू ठरलेली. प्रकाशन संस्थेची विक्री प्रतिनिधी अमेलिया फेरीबोटीने नवी पुस्तकं दाखवायला येते, तेव्हा हा गृहस्थ आपल्याला कोणकोणती पुस्तकं चालत नाहीत याची यादीच तिच्या तोंडावर फेकतो. जादुई वास्तववाद नको, लहान मुलांची पुस्तकं नकोत, व्हॅम्पायर नकोत, सेलिब्रिटींची आत्मचरित्रं तर नकोतच.

पुढे त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक चोरीला जातं आणि काही दिवसांनी दुकानात कोणीतरी एक लहान मुलगी सोडून जातं. तो तिला वाढवतो. अमेलियाने सुचवलेलं आणि त्याने तुच्छतेने बाजूला टाकलेलं एक पुस्तक तो काही वर्षांनी वाचतो, ते आवडतं, आणि तिथून प्रेमाची गाडी सुरू होते. 2022 मध्ये यावर चित्रपटही आला. त्यात ‘द बिग बँग थिअरी’चा कुणाल नय्यर ए. जे. झाला आहे. शेवट इथे फोडायला नको, पण तो मुखपृष्ठाइतका गुलाबी नाही.

दुकान चालतं कशावर?

खरी गंमत इथे आहे. एकट्या पुरुषाला बाळ सांभाळता येईल का, या काळजीने (आणि अर्थात कुतूहलाने) बेटावरच्या बायका दुकानात चकरा मारू लागतात. सल्ला फुकट द्यायचा तर निदान एक पुस्तक घ्यावं, म्हणून घेतात. त्यांच्यासाठी ए. जे. त्यांच्या आवडीची पुस्तकं मागवू लागतो. मुलगी मोठी होते तशी ज्यांना त्याने दारातही येऊ दिलं नसतं ती चित्रांची पुस्तकं फळीवर येतात. चोरीचा तपास करायला आलेला पोलीस अधिकारी रहस्यकथा वाचायला लागतो आणि पुढे दुकानात स्वतःचा वाचनगट चालवतो.

म्हणजे दुकानाला प्रेम वाचवत नाही. ते वाचतं रहस्यकथांवर, बालपुस्तकांवर आणि आयांच्या वाचनगटांवर, म्हणजे मालक ज्यांना कमी लेखत होता त्याच मालावर. पुस्तकविक्रेत्याला छापील किमतीच्या साधारण 30 ते 40 टक्के सुटतात. त्यातून भाडं, वीज, पगार आणि न खपलेला माल. फक्त अभिजात साहित्य ठेवून हे गणित बसवायला घरची शेतीवाडी लागते. मराठीत ना. सी. फडक्यांपासून चंद्रकांत काकोडकरांपर्यंत लोकप्रिय लेखकांना नाकं मुरडली गेली, पण ग्रंथालयांचे वर्गणीदार टिकवण्यात अशाच लेखकांचा मोठा वाटा होता. लॉस एंजेलिसजवळ 2016 मध्ये उघडलेलं ‘द रिप्ड बॉडिस’ हे फक्त प्रेमकथा विकणारं दुकान. 2023 मध्ये त्याची दुसरी शाखा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली.

वास्तव किती कडू?

पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची ‘द बुकशॉप’ (1978) या गुलाबी कादंबऱ्यांच्या अगदी उलट. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावात एक विधवा ओल धरलेल्या जुन्या घरात दुकान काढते, आणि गावातली वजनदार बाई ते बंद पाडून दाखवते. फिट्झजेराल्ड यांनी स्वतः साउथवोल्ड या किनाऱ्यावरच्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानात काम केलं होतं.

ब्रिटनमध्ये पुस्तकं ठरलेल्या किमतीलाच विकण्याचा करार 1990च्या दशकात मोडला आणि सवलतींची स्पर्धा सुरू झाली. 1995 मध्ये जवळपास 1,900 असलेली स्वतंत्र दुकानं 2016 पर्यंत 867 वर आली. नंतर ती पुन्हा वाढून हजारावर गेली. फ्रान्सने मात्र 1981च्या कायद्यानेच नव्या पुस्तकावरची सूट 5 टक्क्यांवर रोखली. आपल्याकडे असा कायदा नाही. ऑनलाइन कंपनी जेवढी सूट देते, तेवढ्याला कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कधी कधी माल विकत मिळतो. मुंबईच्या फोर्टमधलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ (स्ट्रँड म्हणजे किनाराच) स्वतः भरघोस सूट देण्यासाठी प्रसिद्ध होतं. 1948 मध्ये सुरू झालेलं ते दुकान फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झालं. तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी किती जणांचं शेवटचं पुस्तक ॲपवरून घरी आलं होतं, हे विचारलेलं बरं नाही.

आपल्या किनाऱ्यावर जमेल?

गोव्यात कळंगुटला जुन्या घरात थाटलेलं ‘लिटराटी’ हे दुकान पाहिलं की कादंबरीतलं चित्र अगदीच खोटं वाटत नाही. महाराष्ट्रात 2017 पासून भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे, पण ते डोंगरात, आणि तिथे घराघरात पुस्तकं ठेवली आहेत ती वाचण्यासाठी, विकण्यासाठी नाहीत.

स्कॉटलंडच्या विगटाउन या खाडीकाठच्या गावाने वेगळीच युक्ती काढली. तिथे ‘द ओपन बुक’ नावाचं दुकान आणि वरची खोली पर्यटकांना भाड्याने मिळते. सुट्टीत यायचं, वर राहायचं, खाली गल्ल्यावर बसायचं. पाहुणे देशोदेशींहून येतात आणि बुकिंग फार आधी भरलेलं असतं. कल्पना जेसिका फॉक्स यांची. त्या नासामधलं काम सोडून या गावात आल्या आणि तिथल्याच एका पुस्तकविक्रेत्याच्या प्रेमात पडल्या. या अनुभवावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. कादंबरीकारांनी हे रचलं असतं तर लोक म्हणाले असते, फारच फिल्मी आहे.

दापोली ते मालवण होमस्टे आता पावलोपावली आहेत. त्यातल्या एखाद्या पडवीत हा प्रयोग करायला फार भांडवल लागणार नाही. अडचण हवेची आहे. कागद हवेतलं पाणी शोषतो आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकली की त्यावर बुरशी धरते. कोकणात जून ते सप्टेंबर त्याहून जास्तच असते. त्यामुळे पडवीला निळा रंग देण्याआधी डीह्युमिडिफायर आणि त्याच्या वीजबिलाची सोय करावी लागेल, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने पुस्तकं घाटावर पाठवावी लागतील.